पोटात डोकावणारी दुर्बीण

मित्रांनो, दुर्बीण म्हटलं की तुम्हाला चंद्र आठवतो, नाहीतर बोटीवरचा कप्तान. मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. मी नगरच्या एका दवाखान्यातली जुनी दुर्बीण आहे आणि माझं सगळं आयुष्य माणसांच्या मूत्राशयात डोकावण्यात गेलं. हसलात ना? हसा. मला सवय आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पेन्सिलीएवढी जाड, दीड वीत लांब, अंगानं पोलादी. एका टोकाला डॉक्टरांनी डोळा लावायचा आणि दुसऱ्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा दिवा. निळ्या मखमलीच्या पेटीत बसून आगगाडीनं नगरला आले, तेव्हा मी स्वतःला राजकन्याच समजत होते. पहिल्याच दिवशी काम कळलं आणि तोरा उतरला. पण डॉक्टर आप्पासाहेब म्हणाले, "आता पोट न फाडता आतलं दिसेल," तेव्हा मला पुन्हा बरं वाटलं.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात मला उसंत नव्हती. विहिरी आटलेल्या. माणसं दिवसभर उन्हात खपायची आणि पाणी घोटभरच प्यायची, त्यामुळे मूत्राशयात खडे धरायचे. पेशंट यायचे, पण माझं नाव काढलं की "चहा पिऊन येतो" म्हणत थेट एसटीत जाऊन बसायचे. शेवटी डॉक्टरांनी एक रीत पाडली. तपासणी झालेल्यानं तासभर व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं आणि काय काय होतं ते पुढच्याला सांगायचं. आपल्यातल्याच माणसाचं लोक ऐकतात, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

एकदा मात्र ही रीत अंगाशी आली.

त्या सकाळी तिसगावचे सूर्यभान आले. पिळदार मिशा, भरदार छाती. नर्स राहीबाईंनी गार औषधाचा कापूस नुसता टेकवला, तर ते असे ओरडले की व्हरांड्यातलं कुत्रं उठून गेलं. अहो, मी तेव्हा ट्रेमध्येच होते! पुढची तपासणी मात्र दहा मिनिटांत झाली. खडा-बिडा काही निघाला नाही. मला धुऊन खिडकीशी औषधाच्या पाण्यात ठेवलं आणि सूर्यभान बाहेर बाकावर जाऊन बसले.

बाकावर कोल्हारचे म्हातारे रंगनाथबाबा आणि त्यांची बायको बनुबाई बसली होती. बाबांना दोन महिने लघवीतून रक्त जात होतं.

"लई दुखतं का रं?" बाबांनी विचारलं.

सूर्यभानांनी मिशीवर हात फिरवला. "हातभर सळई हाय, बाबा. तिच्या टोकाला इंगळावानी लाल दिवा. दुसरा आसता तर जागेवर गेला आसता. म्या मातुर हूं का चूं केलं न्हाई!"

हातभर? इंगळ? माझा दिवा नीट कोमटसुद्धा होत नाही! असा राग आला मला, पण पाण्यात बुडालेल्या दुर्बिणीचं कोण ऐकणार?

बाबांनी पिशवी उचलली. "चल गं. आपली कोल्हारची एसटी गाठू."

"अवं, रगत जातंय तुमचं!" बनुबाईनं पिशवीचा दुसरा बंद धरला. "तसंच घरी न्यायचं व्हय तुमाला? म्या काय बघत बसू?" तिला रडू फुटलं. तरी बाबा पायऱ्या उतरू लागले. राहीबाई धावल्या, विनवण्या केल्या, पण बाबा थांबेनात.

सूर्यभान खाली मान घालून बसले होते. मग एकदम उठले.

"बाबा, थांबा! म्या खोटं बोललो. म्या वरडलो. कापूस लागला तवाच वरडलो, सळई तर लांबच हुती. इचारा राहीबाईस्नी!"

व्हरांडा खो-खो हसला. बनुबाईसुद्धा रडता रडता हसली. बाबा वळले. "मग तू पडद्यामागं उभा ऱ्हा. पुढं काय व्हनार ते आधी सांगायचं. खरं सांगायचं."

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मजेची तपासणी. बाबा लघवी करून आले, टेबलावर निजले, पाय आधारावर ठेवले, अंगावर चादर घातली. पडद्यामागून आवाज आला, "आता गार लागंल. म्या हितंच वरडलो."

"लागलं," बाबा म्हणाले.

"आता औषध सोडत्याल. जागा बधिर व्हईल. मग ती सळई यील. झोंबंल जरा. पाय सैल सोडा, लांब सुस्कारा टाका."

बाबांनी सुस्कारा टाकला, "आई गं" म्हणाले आणि मी आत होते.

"आता पानी भरत्यात. लघवी लागल्यावानी वाटंल. मला वाटलं, गेली आता अब्रू! न्हाई जात."

बाबा हसू लागले. "हसू नका हो, सगळं हलतंय!" डॉक्टर ओरडले. आणि तेवढ्यात मला तो दिसला. चिंचोक्याएवढा खडा!

"सापडला," डॉक्टर म्हणाले. "पोट फाडायला नको. परवा आतूनच फोडून काढू."

राहीबाईंनी बाबांच्या हातात भरला तांब्या दिला. "दिवसभर पाणी प्यायचं. एक-दोन दिवस जळजळेल, लघवी लालसर होईल, घाबरू नका. ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र लगेच सांगायचं." दुष्काळात एवढं पाणी एकट्यानं प्यायचं म्हणून बाबा संकोचले. बनुबाईनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

आता बारीक काचेच्या धाग्यांतून उजेड नेणारी नवी दुर्बीण आली आहे. मी कपाटात असते. माझी मखमल विटली आहे आणि कधी कधी फार एकटं वाटतं. तरी माझं एक मागणं आहे, मित्रांनो. भीतीच्या दारातून तुम्ही आधी बाहेर आलात, तर बाकावर बसलेल्याला खरं सांगा. जेवढं दुखलं तेवढंच सांगा.

त्या उन्हाळ्यात खडा निघाल्यावर रंगनाथबाबा त्याच बाकावर बसले होते. अकोल्याहून आलेल्या एकानं भीत भीत विचारलं, "लई दुखतं का?"

"दुर्बीण आत जाताना एकदा 'आई गं' म्हनशील," बाबा म्हणाले. "एकदाच. म्या मोजलंय."