माशांच्या पेटीतला मळका स्पंज

नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो. मी एक जुना स्पंज आहे, आणि तोही मळका. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये लवू आणि सुलू हे नवरा-बायको राहतात. त्यांच्या हॉलमध्ये माशांची काचेची पेटी आहे. तिच्या मागच्या कोपऱ्यात, गवतासारख्या उंच झाडांआड मी बसतो. येणारे-जाणारे मासे बघतात, झाडं बघतात, आत ठेवलेल्या लाकडाचंसुद्धा कौतुक करतात. माझ्याकडे कोणी बोट दाखवलंच, तर "ते काळं काय आहे?" एवढं विचारायला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतात ते पास्कलचे हात. पास्कल उत्तनच्या कोळीवाड्यातला. तरुणपणी बोटीवर जायचा. पाठीने दगा दिला तेव्हा त्याने समुद्र सोडला आणि लोकांच्या घरी पेट्या मांडून देऊ लागला. नऊ वर्षांपूर्वी त्याने इथे तळाला माती घातली, वर वाळू पसरली, चिमट्याने एकेक रोप लावलं आणि मला हवेच्या नळीवर चढवलं. तेव्हा मी कोरा करकरीत निळा होतो. दिसायला देखणा आणि कामाला शून्य!

लवू त्या वेळी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कामावर होता. दिवसभर मशीनचा खरखराट ऐकून आला की पेटीसमोर स्टूल टाकून बसायचा. माझ्यातून बुडबुडे निघतात ना, त्यांचा आवाज त्याला फार आवडायचा. सुलू आतून म्हणायची, खायचे मासे वेगळे आणि बघायचे वेगळे, ही कुठली बाई रत्नागिरीकराची तऱ्हा! पण चहाचा कप मात्र तिथेच आणून द्यायची, आणि जरा वेळ स्वतःही टेकायची. काय दिवस होते ते! आजही आठवले की माझे बुडबुडे जरा जोरात निघतात.

हळूहळू माझ्या भोकाभोकांत बारीक जिवाणू राहायला आले, लाखांनी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात विष तयार होतं. त्याला ॲमोनिया म्हणतात. ते विष माझे हे भाडेकरू खाऊन टाकतात. तुम्ही ज्याला मळ म्हणता, ती माझी वस्ती. मी जितका काळा पडलो, तितकं पाणी निवळत गेलं. मला त्याचा अभिमान आहे, उगाच लाजू कशाला?

या वर्षी मार्चमध्ये लवूच्या छातीत दुखलं. इस्पितळात नेऊन हृदयात जाळी बसवावी लागली. शनिवारी घरी सोडू, त्यांना मनस्ताप होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. लवूने सुलूकडे एकच गोष्ट मागितली, माशांकडे बघ, थोरल्याकडे जास्त. थोरला म्हणजे आमचा एंजल मासा, पहिल्या दिवसापासून माझ्या सोबतीचा.

सुलूने अगदी मनावर घेतलं. नवरा घरी येईल तेव्हा सगळं लख्ख दिसायला हवं म्हणून सोमवारी तिने पडदे धुतले, पंखे पुसले आणि मग मला बाहेर काढलं. अगं बाई, या घाणीत बिचारे राहतात कसे, असं पुटपुटत तिने मला स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलं आणि पिळून पिळून धुतलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माणसांसाठी ठीक, पण माझ्या वस्तीसाठी काळ. नऊ वर्षांचा संसार बेसिनमधून वाहून गेला आणि मी पुन्हा निळा झालो. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर मी टाहो फोडला असता. वर तिने मायेपोटी माशांना दुप्पट खाणं घातलं.

बुधवारी सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. थोरला पंख मिटून कोपऱ्यात तिरका लटकला. सुलूने मोबाईलवर फोटो काढला आणि स्टेशनजवळच्या पाळीव माशांच्या एका दुकानात दाखवला. दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक नजर टाकून सांगितलं, बुखार आहे भाभी, ही दवा डालो. तिने ती निळी दवा झाकणभर ओतली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! गुरुवारी सकाळी चार चिमुकले निऑन मासे तळाशी मेलेले होते.

सुलू स्टुलावर बसून रडली. मग डोळे पुसून तिने ठरवलं की तसेच चार मासे आणून सोडायचे, लवूला कळताच कामा नये. पण थोरला कुठून आणणार? त्याच्यासारखा दुसरा मिळाला तरी लवू पहिल्या नजरेत ओळखणार. शेवटी तिने लवूच्या वहीतून नंबर शोधला आणि पास्कलला फोन केला.

पास्कल आता म्हातारा झालाय, पण दुपारच्या आत आला. आल्या आल्या त्याने पेटीत हात घातला नाही. गुडघे धरून खाली बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, शेपट्या कुजलेल्या नाहीत, अंग सुजलेलं नाही, फक्त कल्ले भराभर हलतायत, तेही सगळ्यांचे.

"वैनी, रोग आला तर आधी एकाला येतो, मग दुसऱ्याला," तो म्हणाला. "हे सगले एकाच दिवशी आजारी. आजार माशात न्हाय, पान्यात हाय. या आठवड्यात पेटीला काय केलं ते सांग."

सुलूने सगळं सांगितलं. पास्कलने बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. एवढा ॲमोनिया साठला होता. त्याने अर्धं पाणी काढून टाकलं, दवा त्यातच गेली. क्लोरीन मारायचे थेंब घालून नवं पाणी हळूहळू भरलं. शनिवारपर्यंत खाणं बंद, रोज थोडं पाणी बदलायचं, असं बजावलं. मग पिशवीतून डबा काढला. त्यात त्याच्या घरच्या पेटीतला, माझ्याहून काळाकुट्ट स्पंज होता. तो त्याने माझ्यावर धरला आणि पिळला. तपकिरी गढूळ पाणी स्वच्छ पेटीत पसरलं. सुलूने त्याचं मनगटच धरलं.

"पास्कलभाऊ, घाण कसली ओतताय?"

"घान न्हाय वैनी. तू धुतलंस ना, तेच परत देतोय."

मला काय वाटलं ते कसं सांगू? परमुलखातून आलेली पोरंबाळं रिकाम्या घरात शिरावीत आणि घर बोलू लागावं, तसं झालं. चार मासे आणायच्या बेतावर मात्र पास्कल ठाम नाही म्हणाला. या पाण्यात नवा जीव टिकणार नाही, आकडा जुळवायला आणखी चार मारू नको, म्हणाला.

शुक्रवार सुलूने पेटीपाशीच काढला. शनिवारी सकाळी थोरल्याने पंख उघडले आणि एका निऑनला झाडामागे हुसकावलं. अकराला लवू आला. आत येताच स्टुलावर बसला आणि बोटाने मोजू लागला. मोजून झालं तरी बोट खाली येईना. सुलू पुढे झाली.

"अहो, चार गेले. मीच मारले. स्वच्छ करायला गेले."

लवूने तिला शेजारी बसवलं.

"आणि तू जेवलीस का या आठवड्यात?" त्याने विचारलं. तेव्हा ती हमसाहमशी रडली.

त्याला आता सहा महिने झाले. माझ्या कडा फाटल्यात, तुकडे सुटून पाण्यात तरंगतात. लवूने नवा स्पंज आणला तेव्हा मला लगेच काढायला निघाला होता. सुलूने त्याला थांबवलं. नव्याला माझ्या अंगाशी बसवलं आणि महिनाभर हात लावायचा नाही म्हणाली. माझी वस्ती हळूहळू त्याच्याकडे राहायला गेली. आता तोही कोपऱ्यात काळा पडू लागलाय. उद्या महिना पूर्ण होतो, सुलू मला काढणार आहे. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. त्याला धुवायची वेळ येईल तेव्हा पेटीतलंच पाणी बादलीत घ्या, त्यात दोनदा हलकेच दाबा, आणि थोडा मळका राहू द्या.