यंत्राला ओ देऊ नये

शिंप्यानं प्रश्नावलीतल्या चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि निर्धास्त माणसासारखा पाय हलवत बसला.

'यंत्रांच्या आवाजात शब्द ऐकू येतात का?' या नवव्या प्रश्नापाशी मात्र त्याचं पेन अडलं होतं. दोन वर्षं झाली, त्याचं शिवणयंत्र त्याला 'बारक्या, बारक्या' अशी हाक मारत होतं. बारक्या म्हणणारा जगात एकच, त्याचा दादा. दादाशी नळ बोलायचा. त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. घरात नळापेक्षा जास्त बोलणारी माणसं होती. पण एक दिवस जेवता जेवता दादानं नळाला 'ओ' दिली आणि तिथून त्याचा तोल सुटलाच. पुढचं सगळं आयुष्य त्यानं इस्पितळाच्या खिडकीत काढलं.

'मेंदूच्या अभ्यासासाठी निरोगी माणसं हवीत' ही जाहिरात वाचून शिंपी आला होता तो एवढ्याचसाठी, की आपण निरोगी आहोत हे कुणीतरी मेंदूचा फोटो काढून सांगावं. मघाशी त्या बोगद्यासारख्या यंत्रात तो अर्धा तास पडून होता. यंत्राचे ठोके सुरू झाले आणि पहिल्याच मिनिटाला हाक आली. दात आवळून त्यानं ओ गिळली होती.

संशोधक बाईंनी कागद चाळला. "काका, एकही 'हो' नाही? असा कागद आम्हाला बाजूला ठेवावा लागतो. ठणठणीत माणसंसुद्धा दहा-बारा 'हो' करतात."

"फोटोत काय दिसलं?"

"एकट्याच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. शेकडो जणांची सरासरी काढली, की या प्रश्नांतलं असं काही जास्त जाणवणाऱ्यांच्या मेंदूत एखादा भाग किंचित पातळ दिसतो, एखादा जाड. माणसं असतात चांगली धडधाकट."

पातळ! कापड कुठे विरतं आणि मग कुठे फाटतं, हे शिंप्याला कुणी शिकवायला नको होतं.

"मेंदू म्हणजे कापड नाही, काका," त्याचा चेहरा बघून बाई म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"लिहा हो खरं," शेजारी आपला कागद भरून बसलेली बायको म्हणाली. "मी तेवीस 'हो' केलेत."

"तेवीस? कुठले?"

"ते गुप्त असतं."

एकतीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच तिच्याकडे नीट निरखून बघत होता. भिंतीपलीकडे दुसरं कुणीतरी बोगद्यात गेलं होतं. ठोके सुरू झाले.

"तुला काय ऐकू येतंय?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं कान दिला. "'दूध आण, दूध आण'. संपलंच आहे."

शिंप्याला खुदकन हसू आलं, तीही हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच छाती मोकळी झाली. त्या मोकळेपणातच त्यानं नवव्या प्रश्नापुढे ठसठशीत 'हो' लिहिलं.

"बारक्या," भिंतीपलीकडून हाक आली.

"ओ," शिंपी म्हणाला.

बायकोचं हसू थांबलं. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.