डावीकडे सरकलेली रेषा

मी फळ्यावरचा लाकडी कंपास बोलतोय. शाळेच्या सुताराने मोडक्या बाकाच्या फळीतून मला घडवलं. एका पायाला टोक, दुसऱ्याला खडू अडकवायची खोबण, डोक्यावर पितळी स्क्रू.

आठवीला भूमिती सुरू झाली की सर मला कपाटातून काढायचे. आधी बिंदू, रेषा, कोन. मग माझी पाळी. पहिलं वर्तुळ पुरं होईपर्यंत मुलं टक लावून बघायची. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं.

एकदा लंबदुभाजकाचा तास होता. सरांनी रेषेच्या डाव्या टोकावर मला टेकवून वर-खाली कंस काढले. उजवीकडे नेताना माझा स्क्रू ढिला झाला, पाय किंचित फाकले. एरवी सारखा करकरणारा मी, नेमका तेव्हा गप्प राहिलो. सरांनी तसेच कंस काढून छेदबिंदू जोडले.

"सर, रेषा मधोमध नाहीये. डावीकडे सरकलीय," एक मुलगी म्हणाली. दिसेल ते मोजत बसायची म्हणून वर्ग तिला 'मोजपट्टी' म्हणायचा.

"पुस्तकातली रीत चुकत नसते. आधी डोळे तपासून घे," सर म्हणाले. वर्ग हसला. ती खाली बसली.

शाळा सुटल्यावर सरांच्या हातात माझा पाय लटलटला. त्यांनी फळ्यावर पट्टी लावली, दोनदा मोजलं आणि रेषा पुसून टाकली. "उद्या सांगू तिला," असं पुटपुटले. पण सांगणं राहूनच गेलं. तिचा हातही पुन्हा वर झाला नाही. पुढच्या वर्षी तिने भूमिती सोडून सामान्य गणित घेतलं.

सरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात ती लेकीला शाळेत घालायला आली. सरांनी ओळखलं, वर्गात नेलं.

"त्या दिवशी तुझंच बरोबर होतं गं."

"ठाऊक होतं, सर. घरी काढून बघितलं, तर रेषा बरोबर मध्ये आली. म्हटलं, कंपासच ढिला असणार."

"मग बोलली का नाहीस?"

"भर वर्गात तुम्हाला कसं म्हणायचं?"

सरांनी मला कपाटातून काढलं आणि माझा स्क्रू घट्ट पिळला.

आता मी जुन्या नकाशांमागे उभा आहे. वर्तुळं पडद्यावर उमटतात. शिकवणाऱ्यांनो, एवढंच मागणं: कुणी बोट दाखवलं तर आधी मोजून बघा. आणि चूक आपली निघाली, तर त्याच तासाला, त्याच वर्गासमोर सांगा.