रंबलचा तास

किल्लारीचा भूकंप होऊन दोन वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासेसचं पीक तरारलं होतं. महादेवप्पांनीही क्लाससाठी तीन मजली इमारत उठवली आणि तिला साजेसा इंग्रजीचा मास्तर हवा म्हणून हदगावहून शेषेरावांना आणलं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले आप्पा बोलायला फार गोड. "सर, सोमवारी पालकांपुढं तास घ्या. बॅच भरली तर तुम्ही आमचे. न्हाई भरली तर हदगावची गाडी हायच."

शेषेरावांची ख्याती एकच होती: शब्द ते नुसता सांगत नसत, करून दाखवत.

सोमवारी वरच्या मजल्यावरचा हॉल खच्चून भरला. सरांनी टेबलावर शब्दकोश आदळला. "हा आवाज म्हणजे इंग्रजीतला थड. एकदा झाला की संपला. रंबल तसा न्हाई. तो जड, लांबून सरकत येतो. खडीच्या रस्त्यानं भरली गाडी जाते, तो रंबल. आभाळ दूर गुरगुरतं, तोही रंबल. उपाशी पोटातही होतो. आज आप्पांचा सोमवार आहे, जवळ बसा म्हणजे ऐकू येईल."

पालक हसले. आप्पाही हसले, दात न दाखवता.

तेवढ्यावर थांबले तर ते शेषेराव कसले. गच्चीवर शिपाई खाजाभाई रिकामं लोखंडी पिंप आडवं करून उभा होता. सरांनी खिडकीतून रुमाल हलवला.

पिंप गडगडलं. स्लॅब घुमला, पंखे थरथरले. "ऐका, हाच तो," एवढंच सरांच्या तोंडून निघालं. तोवर पालकांतल्या केवळाबाईंनी आपल्या पोराचं, सत्यमचं मनगट धरून दार गाठलं होतं, आणि त्यांच्यामागं अख्खा हॉल. कुणीतरी "अहो, पिंप हाय ते" म्हणालंही असतं. पण पायाखालचा स्लॅब हालल्याबरोबर पिंप ढकलणारा खाजाभाईच जिना उतरून सगळ्यांच्या आधी रस्त्यावर पोचला. त्याला पळताना पाहून आप्पांनी चपला सोडल्या.

बाहेर धाप ओसरल्यावर खाजाभाईनं खरं काय ते सांगितलं. कुणी हसलं, कुणी सरांच्या खानदानाचा उद्धार केला. पण परत स्लॅबखाली जायला एकही माणूस राजी होईना. आप्पा धंद्यात मुरलेले. रस्त्यावरच हात जोडून म्हणाले, "मायबाप, लेकरांसाठी मागच्या प्लॉटवर पत्र्याचं शेड मारतो. वेगळी बॅच. फी जरा जास्ती, पण जीव बिनघोर."

तिथल्या तिथं नावं घातली गेली. बॅच ओसंडली.

शेषेरावांचा जीव भांड्यात पडला. "आप्पा, मग मी उद्यापासून..."

"पालकांची एकच अट हाय, सर." आप्पांचा आवाज देवघरातल्यासारखा मऊ झाला. "बॅच तुमच्यामुळंच भरली, हे मी महादेवापुढं सांगतो. पण मास्तर दुसरा पाहिजे म्हणायलेत."

शेषेराव केवळाबाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. मी वाईट शिकवलं का?"

"न्हाई बा, लई चांगलं शिकिवलं." केवळाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "पोराच्या ध्यानात राहिला शब्द, माझ्याबी राहिला. जल्मात इसरायची न्हाई. पण सर, रोज एक शब्द असा शिकायचा म्हणलं तर आमचा जीव किती दिस पुरंल?"

सरांनी खाजाभाईला वरून पिशवी आणायला सांगितलं.

"तुम्हीच जावा, सर," खाजाभाई वर पाहत म्हणाला. "मैं अब उप्पर नै जाता."

शेषेराव एकटेच जिना चढले, भिंतीला हात लावून, एकेक पायरी चाचपत.