दीड व्होल्टचा घोळ

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी एक जुना, स्वस्तातला, पिवळा मल्टीमीटर आहे आणि मला घडीभर चैन पडत नाही. तारा टेकवल्या की आकडे नाचतात, तसंच माझं मनही.

आयटीआयला असताना दिशानं मला बारामतीत घेतलं. लग्न होऊन ती कळंबला आली, मीही आलो. गावभरचे सेल तपासले. कौतुक झालं, मग फडताळात पडलो. कुणी विचारीना!

दिशाची सासू ताईबाई संपलेले सेल पापडांसारखे पत्र्यावर वाळवायची. "ऊन लागलं की सेल जित्ता व्हतो," म्हणायची. अहो, कसला जित्ता! उन्हानं सेल फुटतो, गळतो.

एका सकाळी सासऱ्यांच्या, कचरूतात्यांच्या, बीपी मशीनसाठी तिनं तेच चार सेल पुढं केले. दिशा गडबडीत होती. तिनं मला नुसत्या व्होल्टवर लावलं. मी दीडच्या जवळपास, नव्या सेलसारखाच आकडा दाखवला. खोटं नव्हतं ते, पण काम न करता नुसता बसलेला, संपलेला सेलही तेवढा दाखवतोच! माझ्या चकतीवर सेल तपासायची वेगळी खूण आहे. तिथं मी सेलला जरा कामाला लावतो, मग त्याचं पितळ उघडं पडतं. तिकडं बटण फिरवा, फिरवा, असं मी मनात ओरडत होतो. सेल मशीनमध्ये गेलेसुद्धा.

दुपारी तात्यांना गरगरायला लागलं. मशीन घुरघुरलं आणि बंद पडलं.

"तात्या, दवाखान्यात चला," दिशा म्हणाली.

"आकडा दिसल्याबिगर मी हलनार न्हाय!" तात्या हटून बसले.

"मीटरनं तर चांगलं म्हनून सांगितलं व्हतं की गं!" ताईबाई रडकुंडीला आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिशानं सेल काढले आणि या वेळी बटण त्या खुणेवर नेलं. आकडा धाडकन खाली आला. "आत्याबाई, हे तर पार मेल्यात!" ती पळत जाऊन दुकानातून नवे सेल घेऊन आली, चारही तपासून बसवले. वरचा आकडा एकशे ब्याण्णव! मग मात्र तात्या मुकाट्यानं शेजाऱ्याच्या गाडीत बसले. इंदापूरच्या डॉक्टरांनी वाचवलं. आणखी उशीर झाला असता तर? तो विचार मला अजून छळतो.

म्हणून मित्रांनो, हात जोडतो. जुन्यात नवा सेल मिसळू नका, उन्हात तर ठेवूच नका. बटणाएवढे सेल लहानग्यांच्या हाती पडू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं. माझ्या तारा भिंतीच्या सॉकेटात खुपसू नका. आणि मला बरोबर खुणेवर लावा. विचाराल तेवढंच मी सांगतो.

ताईबाई हे शिकली बरं का. परवा तात्या बाजेवर बसून म्हणाले, "मी बरा हाय."

ती म्हणाली, "अवं, बसून समदीच बरी असत्यात. चार पावलं चालून दाखवा."