उजव्या हाताचा निळा बाण

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. हल्लीचे माउस तुम्ही पाहता ना, पोटाखाली लाल दिवा असलेले, काहींना तर शेपूटही नसते, तसला मी नव्हे. माझ्या पोटात रबराचा जड गोळा आहे. मला सरकवले की तो गोळा फिरतो, त्याला टेकलेल्या दोन बारीक दांड्या फिरतात आणि पडद्यावरचा बाण तुमच्या हाताबरोबर चालू लागतो. एवढेच माझे काम. पण या एवढ्याशा कामात मी जे पाहिले, ते फार थोड्या माउसांच्या नशिबी आले असेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाज, मग पुण्यातले दुकान, मग एसटीच्या टपावरचे खोके, असे करत मी भवानीनगरला पोहोचलो. ही नव्वदीच्या मधल्या वर्षांची गोष्ट. एसटी स्टँडाजवळ एका खोलीत करुणाताईंनी संगणकाचा वर्ग काढला होता. तीन संगणक, चार लाकडी बाके आणि एक फळा. बारामतीहून पदविका घेऊन आलेली ही मुलगी शिकवायला उभी राहिली की पोरे बाकाच्या कडेवर सरकून बसत. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा सगळी ओरडली होती, "उंदीर! उंदीर!" माझ्यावर हात ठेवायला रांग लागायची. त्या दिवसांत मी स्वतःला राजा समजत होतो.

हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उतरे. वाळत घातलेल्या धुण्यावर, पाण्याच्या पिंपावर आणि माझ्या गोळ्यावरही. करुणाताई दर शनिवारी माझे पोट उघडून गोळा पुसत, दांड्यांवरचा मळ नखाने खरवडून काढत. पण एके दुपारी विजेचा दाब कमीजास्त झाला आणि माझा संगणक जळाला. मी धडधाकट होतो, पण संगणकाशिवाय माउस म्हणजे बैलाशिवाय जू. ताईंनी माझी शेपूट गुंडाळून मला खणात ठेवले. तिथे दोन मोडके कळफलक आणि खडूंचे तुकडे होते. वरून मुलांचा गलका ऐकू यायचा. मला वाटले, संपले आपले.

आता साहेबरावांबद्दल सांगतो. ते करुणाताईंचे वडील, मूळचे लोणी भापकरचे. बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळे त्यांना साहेबराव पेंटर म्हणून ओळखत. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची सुवचने, उसाच्या ट्रॉलीवरची नावे, सगळे त्यांच्या हातचे. खडूचा दोरा ताणून ओळ आखायची आणि मग ब्रश असा फिरवायचा की अक्षर भिंतीत आधीपासून होते आणि त्यांनी फक्त वरची धूळ झटकली, असे वाटावे. त्या ब्रशाच्या कमाईवरच करुणाताई शिकल्या होत्या.

पणदऱ्याला एका शाळेची भिंत रंगवताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले आणि उठताच आले नाही. उजवी बाजू लुळी पडली होती. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा जड झालेली जीभ पुन्हा वळू लागली होती, पायही काठीच्या आधाराने चालू लागला होता. हात मात्र मांडीवर पडून राही. कुणी भेटायला आले की साहेबराव त्यावर टॉवेल टाकत. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चेंडू दाबायला दिला, तो त्यांनी कोपऱ्यात फेकला.

"मी काय ल्हान पोर हाय का चेंडू खेळाया?" ते बायकोला, भागुबाईंना म्हणाले. "ह्यो हात माझा न्हाय ऱ्हायला आता."

भागुबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्या कामाला गेल्या की साहेबराव घरी एकटेच भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणून करुणाताई त्यांना रोज वर्गावर घेऊन येऊ लागल्या. ते दाराशेजारच्या खुर्चीत बसून राहत.

मी तेव्हा खणातच होतो, पण ताईंच्या तोंडून पुढे ऐकले ते असे. एक दिवस स्वराली नावाची सातवीतली मुलगी माउसने पडद्यावर आपले नाव काढत होती. तिचे वडील सोपानराव, ऊसवाले शेतकरी, तिला वर्गाला आणून सोडत. साहेबराव बराच वेळ बघत होते. शेवटी राहवले नाही.

"पोरी, 'स'ची मान मोडलीस की गं."

"मग तुमी काढून दावा," स्वराली म्हणाली.

पोरीच्या मनात काही नव्हते, ती सरळ बोलून गेली होती. साहेबराव उठले, तिच्या जागी बसले आणि डाव्या हाताने माउस धरला. रेघ थरथरत गेली, वाकडी झाली, पडद्याबाहेर निसटली. त्यांनी हात काढून घेतला. "डाव्याचं डावंच," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

पण करुणाताईंचे लक्ष पडद्याकडे नव्हतेच. डावा हात रेघ ओढत होता तेव्हा मांडीवरच्या टॉवेलखाली काहीतरी किंचित हलले होते.

पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "दोन्ही हातांना एकाच वेळी एकच काम दिलं, तर कधी कधी निजलेला हात जागा होतो. होईलच असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला. करुणाताईंनी मला बाहेर काढले, माझा गोळा धुतला आणि चालू संगणकाच्या पाठीला असलेल्या दुसऱ्या जागेत माझी शेपूट जोडली. पहिल्या जागेत दुसरा माउस होताच. आम्ही दोघे, पण पडद्यावर बाण एकच! तो आपला पहिल्याचेच ऐकायचा. मी कितीही सरकलो तरी मला कुणी विचारीना.

त्यांनी पुण्याच्या एका जाणकाराला फोन लावला. तो हसून म्हणाला, "ताई, एका संगणकाला एकच बाण असतो."

"का?" करुणाताईंनी विचारले.

"असतो बाबा. तसंच असतं."

त्यांनी फोन ठेवला आणि कामाला लागल्या. सकाळची बॅच यायच्या आधी त्या संगणकासाठी स्वतःचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहीत बसत. दोन्ही माउसांकडून येणारे निरोप वेगवेगळे ऐकायचे, त्यांची मिसळ होऊ द्यायची नाही आणि प्रत्येकाला स्वतःचा बाण द्यायचा, असा त्यांचा बेत. ऐकायला सोपे वाटते, पण कधी पडदाच गोठे, कधी माझ्या हालचालीने त्याचा बाण पळे, कधी बाण आपल्यामागे कुंपणासारखी रांग सोडत जाई. अधूनमधून वीज जाई आणि लिहिलेले पुसले जाई. ताई कपाळावर हात मारत, चहा पीत, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करत. मित्रांनो, मी खूप हुशार माणसे पाहिली, पण इतकी चिवट हुशारी पुन्हा पाहिली नाही.

आणि एका सकाळी पडद्यावर दोन बाण उभे राहिले. डावा लाल, उजवा निळा. निळा माझा! करुणाताईंनी दोन्ही हातांत आम्हा दोघांना धरले, एकाला वर नेले, एकाला खाली, आणि रिकाम्या खोलीत एकट्याच खुदकन हसल्या. तेवढ्यात भागुबाई डबा घेऊन आल्या.

"आगं बया, ह्यो दुसरा कुणाचा?"

"आप्पांच्या उजव्या हाताचा," ताई म्हणाल्या.

भागुबाईंनी डबा बाकावर ठेवला आणि निळ्या बाणावर हलकेच बोट टेकवले.

साहेबरावांना बसवले. लाल बाण डाव्या हाताखाली. उजवा हात उचलून माझ्यावर ठेवला आणि रुमालाने सैलसा बांधला. तो हात भिजलेल्या पोत्यासारखा जड आणि गार होता. करुणाताईंनी कार्यक्रमात एक युक्ती ठेवली होती. लाल बाण रेघ ओढे, पण निळा त्याच्या जोडीने चालला तरच रंग उतरे. लाल एकटा पुढे पळाला की रंग बंद.

सुरुवातीला ताई स्वतः मनगटाला धरून मला सरकवत. मग त्यांनी हात काढून घेतला. लाल बाण भरभर पळायचा, निळा तिथेच खिळलेला. रंग उमटेना. साहेबरावांनी डावा हात मेजावर आपटला.

"ह्यो डावा लई पळतोय!"

"मग त्याला थांबाया सांगा की, आप्पा. तुमचाच हाय त्यो."

साहेबरावांनी डावा हात मागे आणला, निळ्याच्या शेजारी उभा केला आणि थांबले. रोज असेच चाले. लाल वाट पाही आणि मी त्या जड हाताखाली वाट पाही.

ज्या दिवशी ते घडले त्या दिवशी वर्गात आम्ही तिघेच होतो. ताई फळा पुसत होत्या. माझ्या पाठीवरचा अंगठा एकदा थरथरला. मग मनगट थरथरले. आणि माझ्या पोटातला गोळा गव्हाच्या दाण्याएवढा फिरला.

पडद्यावर निळा बाण हलला.

"करुणे, तू तार वढलीस का?"

"न्हाय, आप्पा. मी हितं फळ्यापाशी हाय."

"जा, दाराभाईर हुबी ऱ्हा."

त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. साहेबरावांनी दार लोटलेले पाहिले, खोलीभर नजर फिरवली आणि दात आवळले. गोळा पुन्हा फिरला. लाल बाण शेजारून निघाला आणि दोघांमध्ये बोटभर रंगाची रेघ उमटली.

"करुणे!" त्यांनी हाक मारली.

त्यानंतर त्यांनी कधी टॉवेल आणला नाही. पण मित्रांनो, हात काही जादूने बरा होत नसतो. रेघ बोटभराची वीतभर व्हायला पावसाळा सरला. बोटे मिटायला शिकली, पण ब्रश पेलण्याचे बळ त्यांत येईना. अशात सोपानराव वर्गावर आले. त्यांनी नवी ट्रॉली घेतली होती आणि कारखान्याचा बॉयलर पेटून उसाचा हंगाम सुरू व्हायला आला होता.

"पेंटर, ट्रॉलीवर पोरीचं नाव टाकायचंय. तुमच्या हातचं पायजे."

"माझा हात कुठं हाय, सोपानराव?"

"एक तर हाय न्हवं?"

साहेबरावांच्या कपाळावर शीर उठली. "ती कीव नगं मला. दुसऱ्या कुणाला द्या काम."

"कीव कशाची? माझ्या बाच्या गाडीवर अक्षर तुमचं, माझ्या दारावर तुमचं. तुमी न्हाय काढलं तर ट्रॉली कोरीच पळंल." एवढे बोलून सोपानराव निघून गेले.

साहेबराव दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी करुणाताई पाण्याची घागर घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. पडद्यावर मोठ्ठा 'स्व' होता. 'स'ची मान ताठ, 'व'चे पोट भरीव. मी त्या हाताखाली घामाने ओला झालो होतो. ताईंनी घागर ठेवली आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

ट्रॉली रंगवली त्या दिवशी मी तिथे नव्हतो. स्वरालीने वर्गात येऊन सांगितले ते मी ऐकले. भागुबाईंनी रंगाचा डबा धरला होता. पेंटर ज्या काठीवर मनगट टेकवून लिहितात, ती काठी साहेबरावांनी उजव्या हातात धरली होती. होय, उजव्या! ब्रश होता डाव्यात. उजवा थरथरला की डावा ब्रश उचलून घेई, थांबे, आणि काठी स्थिर झाली की पुन्हा टेके. सबंध दुपार गेली. शेवटच्या 'ली'ची वेलांटी त्यांनी मात्र एका दमात ओढली. सोपानराव हरखून ट्रॅक्टर चालू करायला धावले, तर पेंटर ओरडले, "आवो, रंग वला हाय! दम धरा की!" हे सांगताना स्वराली हसून हसून बाकावर आडवी झाली होती. अक्षर पूर्वीसारखे रेशमी नव्हते म्हणे, जरा राकट होते. पण ते साहेबराव पेंटरचे आहे, हे रस्त्यावरच्या कुणालाही सांगावे लागले नाही.

पुढे करुणाताईंनी तो कार्यक्रम एका फ्लॉपी तबकडीवर उतरवला आणि मला त्याच्यासोबत बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे दिले. तिथे कितीतरी हात माझ्यावर येऊन गेले. काही जागे झाले, काही नाही झाले. आता माझा गोळा कडक झाला आहे, एक दांडी झिजली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला आपटू नका. त्याच्या पोटातला मळ अधूनमधून काढा. आणि शेजारी कुणी हळू शिकत असेल, तर त्याच्या हातातून माउस ओढून घेऊ नका. करुणाताईंनी संगणकाला दोन बाण दिले ही मोठीच गोष्ट. पण वडिलांच्या मनगटावरून त्यांनी आपला हात काढून घेतला, ती मला त्याहून मोठी वाटते.

अजून एक आठवण सांगतो. दवाखान्यात धोंडाबाई नावाच्या एक आजी आल्या होत्या. हात हलेना म्हणून त्या रडू लागल्या. साहेबराव तेव्हा दर आठवड्याला तिथे येत असत. ते आजींच्या समोर स्टूल ओढून बसले. आजींचा गार, जड हात माझ्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी, हळूहळू, रुमालाची गाठ मारली.

"घाई न्हाय, आजी," ते म्हणाले. "डाव्याला सांगा, वाईच थांब म्हनावं."

आजींनी डोळे पुसले. लाल बाण निळ्याजवळ येऊन उभा राहिला. साहेबरावांनी आपले हात मागे घेतले, आणि मी त्या हाताखाली वाट पाहू लागलो.