समितीसाठी बसवलेलं मॉडेल

संजीवनी शिकवायची ते चित्रकला महाविद्यालय चिखलीत खताच्या गोदामावर दोन खोल्यांत आहे. सरकारनं परवानगी देतानाच 'कायम विनाअनुदानित' असं लिहून दिलं. म्हणजे शिकवा, पण पगार मागू नका. मोर्चे निघाले तेव्हा त्यातला 'कायम' तेवढा काढला. पगार आला नाही, तपासणी आली. समितीनं पास केलं तर अनुदान. बारा वर्षं फुकट शिकवून, संध्याकाळी लोकांचे ब्लाऊज शिवून संजीवनी या एका दिवसाची वाट पाहत होती.

समितीला वर्ग चालू दिसायला हवा होता आणि समोर जिवंत मॉडेल. मॉडेल म्हणजे सोजराबाई. बाजारात मेथी विकायची, तोंडभर सुरकुत्या. पोरांची आजीच ती.

"संजू, डोस्कं लय ठणकून राह्यलं वं," स्टुलावर बसताना ती म्हणाली.

"आजच्या दिवस बस मावशी. हलू नको फक्त."

"हलू काऊन? मी काय बकरी आहो?"

पोरं हसली.

समिती सकाळीच येणार होती. दुपारचा एक वाजला. पत्रे तापले. संस्थाचालक भगवंतराव दारातून ओरडले, "साहेब मेहकरात जेवून राह्यले. कोणी जागचं उठू नका!"

संजीवनी पहिल्या रांगेतल्या पुष्पांजलीच्या कागदापाशी थांबली. "ओठाचा कोपरा खाली गेला तुझा. नीट पाहून काढ."

"पाहूनच काढलं मॅडम. आजीचं तोंडच तसं झालं."

संजीवनीनं वर पाहिलं. ओठ एका बाजूनं ओघळलेला. त्याच बाजूचा हात मांडीवर पालथा पडलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. तिच्या वडिलांचं असंच झालं होतं. तिला कळलं. कळलं नाही, असं कुणी म्हणू नये.

ती दारात धावली. "सर, मावशीले लकवा मारला. गाडी काढा."

"आता? साहेब निघाले तिकडून. दहा मिनिटं थांबा. बारा वर्षं पाण्यात घालता का?"

ती परत आली. सोजराबाईच्या तोंडातून गळणारी लाळ तिच्याच पदरानं पुसली. म्हणाली, "काढत राहा रे."

दहा मिनिटांचे दीड तास झाले. साहेब आले. स्टुलं मोजली, पोरं मोजली, म्हातारी मोजली. "मॉडेल एकदम स्थिर आहे हं," त्यातला एक म्हणाला. मग चहा, शाल-नारळ, फोटो, त्यात पाच वाजले. चित्रं कुणी पाहिली नाहीत.

बुलडाण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सहा वाजून गेले. सोजराबाईचा मुलगा गुलाबराव बाजारातून तसाच गाडीत चढला होता. डोक्याचा स्कॅन पाहून डॉक्टरीणबाईनं एकच विचारलं, "तोंड वाकडं कधी झालं? साडेचार तासांच्या आत असेल तरच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो."

"आत्ताच हो, रस्त्यात," भगवंतराव म्हणाले.

नर्स बाटलीचं झाकण उघडायला लागली.

"एक वाजता," संजीवनी म्हणाली. "मी पाहिलं."

नर्सचा हात थांबला. डॉक्टरीणबाईनं मान हलवली, आणि बाटली परत ट्रेमध्ये गेली.

गुलाबराव ओरडला नाही, अंगावर आला नाही. संजीवनीकडे वळला. "पाह्यलं तुमी? अन् मंग काय केलं, बाई?"

"थांबले," ती म्हणाली.